कोपऱ्याची आतली बाजू

भरीव ठोकळ्याला बारा कडा असतात. तोच ठोकळा आतून कोरून काढला की त्या चोवीस होतात. वस्तू हाताला हलकी होते, डोक्याला मात्र दुप्पट जड. शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं. तिथे डबा मधल्या सुट्टीत उघडायचा आणि आत भाजी कोणती एवढंच बघायचं, असा शिरस्ता होता. डब्याला आतलाही कोपरा असतो आणि त्या कोपऱ्याचं स्वतःचं काही म्हणणं असतं, हे कळायला मला भोसरीतल्या टूलरूममध्ये नोकरी धरावी लागली. आणि ते म्हणणं नीट ऐकून घ्यायला निवृत्तीनंतर शोळिंगनल्लूरला यावं लागलं.

शोळिंगनल्लूर चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर आहे. या रस्त्याला सगळे ओएमआर म्हणतात, पाट्या राजीव गांधी सालै म्हणतात, आणि रिक्षावाले काहीच म्हणत नाहीत, नुसता आकडा सांगतात. पूर्वेला बकिंगहॅम कालवा, पश्चिमेला एल्कॉटचं सेझ, आणि मधे वाहनांची रांग. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातल्या दोन मार्गिका माधवरमहून निघून, शहरातून वेगवेगळ्या वाटांनी येऊन इथे एकमेकींना भेटणार आहेत. तोवर रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे आहेत आणि शोळिंगनल्लूरचा चौक ओलांडणं हा दिवसभराचा कार्यक्रम होऊ शकतो. या रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत बसून माणसं परदेशातल्या बँकांचे हिशेब सांभाळतात, विम्याचे दावे निकाली काढतात आणि ज्या वस्तू चेन्नईत कधी येणारही नाहीत, त्यांचे कोपरे गोल करतात.

माझी मुलगी त्या तिसऱ्या जमातीतली. पुण्यात डिप्लोमा झाल्यावर ती गिंडीच्या सीपेटमध्ये प्लास्टिकच्या मोल्डचं डिझाइन शिकायला आली. केंद्र सरकारची ही संस्था १९६८ पासून चेन्नईत आहे. शिकली, नोकरी धरली, इथलाच एक मराठी मुलगा धरला, आणि राहिली. पुण्यात थंडी सुरू झाली की आम्ही दोघं तिच्याकडे येतो. आठवड्यातले काही दिवस ती घरून काम करते, जेवणाच्या टेबलावर दोन स्क्रीन मांडून. मी मागे खुर्ची टाकून फिल्टर कॉफी पीत बसतो. निवृत्त माणसाने मुलीच्या ऑफिसच्या कामात नाक खुपसू नये हे मान्य; पण समोर एक डबा गरागरा फिरत असेल, तर टूलरूमवाल्याची मान त्याबरोबर फिरतेच.

सध्याचा डबा सेन्सरचा आहे. भिंतीवर बसवायचा, तळहाताएवढा, मागून उघडा, भिंतीची जाडी २ मि.मी. आत इलेक्ट्रॉनिक्सची पाटी, बाहेर ऊन-पाऊस.

आमच्या काळी कोपरा मोडणं हे हाताचं काम होतं. कानस, मग पॉलिश पेपर, मग रेडियस गेज. गेजचं पातं कोपऱ्यावर टेकवून ट्यूबलाइटसमोर धरायचं आणि फटीतून उजेड आला की पुन्हा घासायचं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक ओळ ठरलेली असे, सगळ्या तीक्ष्ण कडा मोडाव्यात. किती मोडाव्यात, ते फिटर आणि त्याचा विवेक यांच्यातलं खाजगी प्रकरण. मुलगी कडेवर टिचकी मारते, ३ लिहिते, एंटर दाबते. कड गोल. घाम नाही, कीस नाही, नखाखाली काळं नाही. मला आधी थोडा राग आला, मग हेवा वाटला.

संगणक हे करतो कसं, ते तिने मला एका चेंडूवरून समजावलं. दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे दोघांनाही टेकून राहील असा चेंडू कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरंगळत न्यायचा. त्याचा जो माग उमटतो, ती गोलाई. गंमत अशी की बाहेरच्या कडेला हा चेंडू प्लास्टिकच्या आतून फिरतो आणि त्याच्या बाहेर उरलेला टोकदार तुकडा कापून टाकला जातो. आतल्या कोपऱ्यात तोच चेंडू पोकळीतून फिरतो आणि त्याच्यामागे उरलेली सांद भरली जाते. हुकूम एकच, बाहेर तो कापतो, आत भरतो. फिटरच्या कानसीला हे जमत नाही. कानस फक्त काढते.

तर बाहेरच्या कडेला ३ मि.मी. दिले. आता आत किती?

पहिल्यांदा ऐकणारा माणूस म्हणतो, तीनच. दोघांना सारखं. ऐकायला न्यायाचं वाटतं आणि चूक असतं. आत-बाहेर दोन्हीकडे ३ दिले, तर सपाट भागात २ मि.मी. असलेली भिंत कोपऱ्यात तिरकी मोजल्यावर २.८३ भरते. यासाठी पायथागोरसला थोडा वेळ उठवावं लागतं, बाकी गणित सोपं आहे. आणि प्लास्टिकला जाड कोपरा आवडत नाही. वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये शिरलं की पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग मागे राहतो, मग थंड होताना आक्रसतो आणि पृष्ठभागाला आत ओढतो. बाहेरून खळी पडते. गालावर शोभते, डब्यावर नाही. गिऱ्हाईक माल परत पाठवतं.

बरोबर उत्तर १ आहे. बाहेरच्या त्रिज्येतून भिंतीची जाडी वजा करायची. मग दोन्ही गोलाया एकाच केंद्राभोवती वळतात आणि भिंत सगळीकडे दोनच राहते. म्हणजे आतल्या कोपऱ्याला स्वतःचा आकडा निवडायची मुभा नाही. बाहेरच्याने काय घेतलं आणि भिंत केवढी आहे, यावरून त्याच्या वाट्याला काय ते येतं. मी धाकटा भाऊ आहे, त्यामुळे हे मला पटकन समजलं.

दुसरं टोक याहून वाईट. समजा, बाहेरचे कोपरे छान गोल केले आणि आतले तसेच टोकदार ठेवले. पुष्कळ जण ठेवतात, कारण विकताना आतलं कोणी बघत नाही. बाहेर ५ मि.मी. दिले, तर २ मि.मी.च्या भिंतीत कडेपाशी जेमतेम पाऊण मिलिमीटर उरतं. ६ दिले तर तिसरा हिस्सा. ७ दिले की आरपार. ही झाली दोन बाजू मिळतात तिथली गोष्ट. जिथे तीन बाजू मिळतात, त्या खोपच्यात गोळाबेरीज आणखी कडक आहे. तिथे पावणेपाचच्या आसपासच भिंत संपते. म्हणजे ५ ची गोलाई दिलेला डबा कडांवरून धडधाकट दिसतो आणि त्याच्या चारही खोपच्यांत चार भोकं असतात. ऊन-पाऊस बाहेर ठेवायला बनवलेल्या डब्यात.

यावरचा उपाय म्हणजे क्रम. आधी भरीव ठोकळ्याचे कोपरे गोल करायचे, आणि मग तो आतून कोरायचा. कोरायच्या या हुकुमाला शेल म्हणतात. जाडी सांगा, कोणती बाजू उघडी ठेवायची ते दाखवा, संगणक बाहेरच्या कातडीपासून मोजून सारख्या अंतरावर आतली कातडी उभी करतो. बाहेर ३ असेल तर आत आपोआप १ येतो, विचारावंही लागत नाही. उलट केलं, आधी कोरलं आणि मग गोलाई द्यायला बसलं, तर आतल्या कडा एकेक करून शोधा, डबा उलटा करा, आत डोकावा, टिचकी मारा, आणि प्रत्येकीला तिचा आकडा वेगळा द्या. दोन्ही वाटांनी डबा तोच होतो. पण उद्या गिऱ्हाईक म्हणालं की भिंत अडीचची करा, तर पहिल्या वाटेच्या डब्यात एक आकडा बदलतो आणि दुसऱ्या वाटेच्या डब्यात एक रविवार जातो.

एक बारीक खोच इथेही आहेच. बाहेरची त्रिज्या भिंतीच्या जाडीपेक्षा कमी असेल, समजा दीड, तर वजाबाकीनंतर आतल्याच्या हातात काही उरत नाही. तो टोकदारच राहतो. काही सॉफ्टवेअर हे मुकाट्याने करतात. काही जण अडून बसतात आणि लाल अक्षरांत सांगतात की गोलाई बनवता आली नाही, त्रिज्या कमी करून बघा. मुलगी म्हणते, हा निरोप वाचून वाचून आता तो तिला सासरचा वाटतो: चूक नेमकी कोणती ते सांगायचं नाही, एवढंच सुचवायचं की जरा कमी करून बघ.

जावयाची तऱ्हा वेगळी. तो प्रोग्रॅमर, माऊसने ओढून वस्तू बनवणं त्याला हलकं काम वाटतं. त्याच्याकडे एक थ्रीडी प्रिंटर आहे आणि त्यासाठी तो ओपनस्कॅड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात वस्तू लिहायची असते. ठोकळा लिहा, त्यातून दुसरा ठोकळा वजा लिहा, डबा झाला. कोपरे गोल करायला त्यात मिन्कोव्स्की नावाचा हुकूम आहे. हे हर्मान मिन्कोव्स्की झुरिकला आइनस्टाइनला गणित शिकवत. हुकमाचा अर्थ असा की तुमच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूवर एक चेंडू ठेवायचा आणि सगळं मिळून जे होईल ते घ्यायचं. जावयाने आपल्या पोकळ डब्यावर हा हुकूम चालवला. संगणक बराच वेळ विचारात पडला, पंखा घरघरला, आणि बाहेर आलेला डबा बाहेरून गोल गुळगुळीत, थोडा लठ्ठ झालेला, आणि आतून जसाच्या तसा टोकदार, वर पोकळी आक्रसलेली. जावई म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये बग आहे.

मुलगी स्क्रीनवरून नजरही न काढता म्हणाली, "बग नाही. बाहेरून चेंडू ठेवत गेलास तर बाहेरचेच कोपरे गोल होणार. आतल्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंचे चेंडू एकमेकांत शिरतात आणि टोक तसंच राहतं."

"मग आतलं गोल कसं करायचं?"

"पोकळी आधी भरीव बनव. तिचे कोपरे गोल कर. मग ती मोठ्यातून वजा कर."

मी कॉफीचा डवरा खाली ठेवला. टूलरूममध्ये इतकी वर्षं मोल्ड बनवताना आम्ही हेच करत होतो. पोकळी आधी स्टीलमध्ये भरीव घडवत होतो. पण हे वाक्य इतक्या सरळपणे तिथे कोणी उच्चारलं नव्हतं. जावई मुकाट्याने दोन ओळी खोडून पुन्हा लिहायला बसला.

या सगळ्या हुकुमांत मला सर्वांत आवडलेला मात्र जुन्या ऑटोकॅडमधला. १९८२ साली ते बाजारात आलं आणि ड्रॉइंग बोर्डावर वाढलेले आमचे ड्राफ्ट्समन हळूहळू त्याच्यासमोर जाऊन बसले. त्यात गोलाईच्या हुकुमाला त्रिज्या शून्य दिली की दोन अर्धवट रेषा लांबून एकमेकींना टोकाला भिडतात आणि चोख काटकोन तयार होतो. लोक तो हुकूम सर्रास याच कामासाठी वापरायचे. गोल करायचं अवजार, कोपरा धारदार करायला. आमच्या खात्यातले एक साहेब बैठकीत नेमके असेच शांतता राखायला उठायचे.

आम्ही येतो तो काळ इथे मार्गळीचा असतो, डिसेंबर अर्ध्यावर आल्यापासून संक्रांतीपर्यंत. पहाटे प्रत्येक दारात कोलम, म्हणजे इथली रांगोळी. आमच्या मजल्यावर समोरच्या घरात एक मावशी राहतात. त्यांच्या घरी तंजावरी मराठी बोलतात. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलेल्या आणि मग परत न फिरलेल्या माणसांची. त्यांची मराठी मला निम्मी कळते, माझी त्यांना पाऊण कळते, आणि उरलेलं आम्ही पदार्थांवर भागवतो. बायको आणि मी त्यांच्या दाराशी उभं राहून कोलम बघतो. बायकोला रांगोळीची हौस आहे, हात चांगला आहे, आणि तरी पहिल्या वर्षी ती गोंधळली.

आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी म्हणजे बहुतेक वेळा ठिपके जोडणं. या ठिपक्यातून त्या ठिपक्यात सरळ रेघ. ठिपका हा रेघेचा थांबा. इथल्या सिक्कु कोलममध्ये रेघ ठिपक्याला शिवतसुद्धा नाही. ती त्याच्या बाजूने जाते, कडेला आली की त्याला वळसा घालते, दुसऱ्या ठिपक्याकडे वळते, स्वतःलाच ओलांडते, आणि निघाली तिथे येऊन मिटते. ठिपके आधी, रेघ नंतर. म्हणजे वळणाची केंद्रं जमिनीवर आधीच मांडलेली असतात. वळायचं कुठे, हे रेघेला हाताने ठरवावं लागत नाही. शुक्रवारी मावशी तांदळाच्या पातळ पिठात बोटं बुडवून दोन समांतर रेघांचं कोलम काढतात, आणि त्यातल्या एका वळणावर मी चक्क उकिडवा बसलो. बाहेरची रेघ मोठा वळसा घेत होती, आतली छोटा, आणि मधलं अंतर बोटाएवढं होतं ते बोटाएवढंच राहत होतं. तीन बाहेर, एक आत. मावशींनी वजाबाकी केली नव्हती. मी त्यांना तसं सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी आत जाऊन मला गरम पोंगल आणून दिलं. पाऊण कळतं म्हणालो ते थोडं जास्तच असावं.

इथून मेडवाक्कममार्गे पश्चिमेला गेलं की तांबरम लागतं. तिथल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी यांनी रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्याबरोबर १९७४ साली कोलमवर शोधनिबंध लिहिला. भाषेला असतं तसं कोलमला व्याकरण असतं, ठरावीक नियम पुन्हा पुन्हा लावून छोट्या कोलममधून मोठं कोलम निघतं, असं मांडणारा. तो छापून आला तो संगणकावरच्या चित्रांना वाहिलेल्या एका परदेशी नियतकालिकात. ऑटोकॅड यायला अजून आठ वर्षं होती. ओएमआरवरच्या काचेच्या इमारतींत दिवसभर कोपरे वळवणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणी घरून निघताना दारातलं हे व्याकरण ओलांडून येतात. काही जणी ते स्वतः काढून येतात. मला इथे आल्यापासून एक शंका आहे की या कामात चेन्नईच्या पोरी इतक्या चलाख असण्यामागे निम्मा हात गणिताच्या शिकवण्यांचा आणि निम्मा आज्यांचा आहे. पुरावा नाही. पुरावा नसलेल्या गोष्टी निवृत्त माणसाने ठामपणे बोलाव्यात.

आतल्या कोपऱ्याचं एवढं काय, असं बायकोने विचारलं तेव्हा मी तिला कॉमेट विमानाची गोष्ट सांगितली. प्रवासी घेऊन उडणारं जगातलं पहिलं जेट. मे १९५२ मध्ये ते लंडनहून जोहान्सबर्गला जाऊ लागलं. १० जानेवारी १९५४ ला एक कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं, ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ. दोन्ही चढताना, दोन्ही हवेतच फुटून. विमान म्हणजे शेवटी एक पोकळ नळकांडं. वर गेलं की आतली हवा त्याला फुगवते, खाली आलं की सोडते. प्रत्येक उड्डाणाला एकदा. इंग्लंडमध्ये फार्नबरोला एका कॉमेटचं धड मोठ्या पाण्याच्या टाकीत ठेवून आत पाण्याचा दाब भरत आणि सोडत राहिले, उड्डाणामागून उड्डाणाची नक्कल करत, आणि ते फाटलं. समुद्रातून काढलेल्या एल्बाच्या विमानाच्या छताचा तुकडा सापडला, त्यात भेग सुरू झाली होती ती अँटेनासाठी ठेवलेल्या खिडकीच्या कोपऱ्याजवळ, एका भोकापाशी.

लोक सांगतात की कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून विमानं पडली. तसं अगदी नाही. कोपरे गोल होतेच. पत्र्याची जाडी, रिव्हेटची भोकं आणि रोजचं फुगणं-बसणं यांच्या मानाने ते पुरेसे गोल नव्हते. आणि हे गणित नवंही नव्हतं. ओढलेल्या पत्र्याला गोल भोक असेल, तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. भोक ओढीला आडवं लांबट झालं आणि त्याचं टोक अणकुचीदार होत गेलं, तर तो वाढतच जातो, हे केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्येच दाखवलं होतं. त्रिज्या शून्य केली की कागदावर ताणाला मर्यादाच राहत नाही. बाहेर आलेला कोपरा टोकदार राहिला तर फार तर हाताला लागतो. वस्तू फाटते ती आत गेलेल्या कोपऱ्यापासून.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सेन्सरच्या त्या डब्यात मुंग्या जातील का?"

तिचं स्वतःचं शास्त्र आहे आणि ते माझ्याहून जुनं आहे. भांड्याच्या दुकानात ती डबा हातात घेते, झाकण काढते, बाहेरून बघतही नाही, आणि तर्जनी आतल्या कोपऱ्यातून फिरवते. बोट कोपऱ्याला टेकत पुढे सरकलं तर डबा घरी येतो. अडलं, किंवा बोटाखाली सांद राहिली, तर डबा परत फळीवर. घासताना जिथे बोट पोचत नाही तिथे काल काय होतं ते आज कळतं, असं तिचं म्हणणं. तर्जनीची त्रिज्या सात-आठ मि.मी. धरली, तर हे प्रमाण चांगलंच कडक आहे; सेन्सरच्या डब्यातला १ मि.मी. तिथे नापास होतो. चेन्नईत ती खूश आहे ती यामुळे. इथला स्टीलचा डवरा आणि टंबलर तळाशी इतके ऐसपैस वळवलेले असतात की कॉफीचा फेससुद्धा मुक्कामाला राहत नाही. पत्रा दाबून भांडं काढताना ठोशाचा कोपरा गोल ठेवावाच लागतो, नाहीतर पत्रा तिथेच फाटतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, म्हणजे त्यांना दुसरा इलाजच नाही. आपल्याकडच्यांना असतो, म्हणून ते चावटपणा करतात."

एका रविवारी सगळे महाबलीपुरमला गेलो. याच रस्त्याच्या नावातलं ते, गाडीने तासाभरावर. बाकीच्यांनी समुद्र बघितला, रथ बघितले, वराह बघितला. मी खांब बघितले. सातव्या शतकात पल्लवांनी डोंगर कोरून हे मंडप काढले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या गुहांमधला खांब खाली चौकोनी, वर चौकोनी आणि मधे अष्टकोनी असतो. चौकोनी खांबाचे चार कोपरे मधल्या भागापुरते तासून टाकले की अष्टकोन होतो. आमच्या भाषेत हा चॅम्फर: गोलाई नाही, सरळ काप. अर्धवट सोडलेल्या गुहा तर माझ्यासाठीच सोडल्या असाव्यात. दर्शनी दगडावर खोल चऱ्या पाडून चौकटी आखलेल्या, आणि त्यातला एकेक चौकोन फोडून आत गेलेले. शेलचा हुकूम छिन्नीने, आणि परत फिरायची सोय नाही. वाईड बॉल गेला तरी पुन्हा टाकता येतो, इथे एक कपचा जास्त उडाला की खांब गेला. त्यामुळे क्रम आधी पक्का: खांब कुठे राहणार ते सोडून द्यायचं आणि उरलेला डोंगर न्यायचा. मी मंडपात शिरून छत आणि भिंत मिळते तो कोपरा बोटाने चाचपत होतो, तेव्हा गाईडने येऊन नम्रपणे इंग्रजीत सांगितलं की शिल्प दुसऱ्या बाजूला आहे.

डबा आता मोल्डला गेला आहे, आणि गेला आहे भोसरीलाच, एका टूलरूममध्ये. मोल्डमध्ये सगळी बाजू पालटते. डब्याचं बाहेरचं अंग म्हणजे मोल्डची पोकळी, कॅव्हिटी. डब्याची पोकळी म्हणजे मोल्डचा भरीव ठोकळा, कोअर. कॅव्हिटी खणणारा कटर गोल असतो, त्यामुळे तिच्या कोपऱ्यात गोलाई फुकट येते. टोक हवं असेल तर स्पार्क मशीनवर न्यावं लागतं. कोअरचं उलट. त्याच्या कडा मिलिंगमधून निघतात त्या धारदारच, आणि त्यांना १ मि.मी. गोल करायचं तर वेगळा कटर, वेगळं सेटिंग, वेगळा वेळ. म्हणून बाहेरच्या ३ बद्दल कोणताही मोल्डमेकर कधी तक्रार करत नाही.

परवा त्यांचा मेल आला. मुलीने तो मोठ्याने वाचला. कोअरच्या कडांना १ मि.मी. रेडियस दाखवला आहे, तो दिला नाही तर चालेल का, काम दोन दिवस आधी होईल, कळावे.

मला पुढचं वाक्यही पाठ होतं. हा प्रश्न, याच नम्रतेने, मी वर्षानुवर्षं डिझायनर लोकांना विचारत आलो होतो, आणि त्यातले निम्मे हो म्हणायचे.

"चालणार नाही म्हणून कळवते," मुलगी म्हणाली.

"मेलवर तो ऐकणार नाही. अर्ध्यावर ये म्हणेल. मी फोनवर बोलू का त्याच्याशी? मराठीत?"

तिने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग फोन पुढे सरकवला.

"बोला बाबा. पण पाऊणावर मिटवून येऊ नका."